दहाच्या खालचे नट

अर्ध्या इंचाच्या ड्राइव्हचा नेहमीचा गोटीसंच उघडला, तर पहिली गोटी बहुधा 10 मिलिमीटरची असते आणि शेवटची 32 ची. मोटारीच्या आणि यंत्रांच्या कामाचा मोठा भाग या दोन आकड्यांमध्ये बसतो, त्यामुळे संच बनवणाऱ्याने तिथून सुरुवात करावी हे समजण्यासारखे आहे. पण घरातले, शेतातल्या पंपावरचे आणि वायरमनच्या पिशवीतले कितीतरी काम दहाच्या खालीच सुरू होते आणि तिथेच संपते. वॉशिंग मशीनच्या पाइपवरची होज क्लिप, रेडिएटरची नळी, स्विचगिअरमधला टर्मिनलचा स्टड, पत्र्याच्या डब्याचे झाकण, कूलरच्या मोटारीचा नट ही सगळी कामे 5.5, 7 आणि 8 मिलिमीटरची. या नटांसाठी हाताशी काहीच नसते. मग पक्कड येते, चपटा स्क्रू ड्रायव्हर येतो, नाहीतर एखादा ढिला पाना तिरका धरून काम भागवले जाते. डोके गोल होते, नळीला ओरखडा पडतो, क्लिप गळते आणि दोष क्लिपच्या दर्जावर जातो. पुढच्या पानांचा विषय या जागी लागणारे हत्यार, म्हणजे नट ड्रायव्हर, हा आहे. स्क्रू ड्रायव्हरसारखी मूठ, सरळ दांडा आणि टोकाला षटकोनी तोंड, एवढेच त्याचे रूप. माझे म्हणणे असे आहे की त्याची मूठ हाताला जेवढा जोर लावू देते, साधारण तेवढाच जोर या छोट्या जोडण्यांना सोसतो. या मेळामुळेच हे हत्यार मोलाचे ठरते आणि त्याची निवडही हा मेळ डोळ्यांसमोर ठेवून करायला हवी.

होज क्लिपपासून सुरुवात केली तर हे सर्वांत स्वच्छ दिसते. आपल्या दुकानांत जिला अजूनही अनेकजण जुबली क्लिप म्हणतात, ती ब्रिटिश नौदलातल्या लम्ली रॉबिन्सन या अधिकाऱ्याची कल्पना. तिचे पेटंट 1921 मध्ये मिळाले आणि इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या जिलिंगहॅम इथे तिचे उत्पादन सुरू झाले. शंभर वर्षांत तिचे मूळ रूप फारसे बदललेले नाही. पोलादी पट्टीवर आडव्या खाचा असतात आणि एका छोट्या घरात बसवलेल्या स्क्रूचे आटे त्या खाचांत अडकतात. स्क्रू एक फेरा फिरला की पट्टी एक आटा पुढे सरकते. या रचनेत थोड्या पिळातून पट्टीवर भरपूर ताण निर्माण होतो, हे तिचे सामर्थ्य. तिची मर्यादाही त्याच रचनेत आहे. ताण वाढत गेला की एका क्षणी पट्टी ताणली जाते किंवा आटे खाचांवरून उडी मारतात, आणि त्यानंतर ती क्लिप पुन्हा कधीच नीट धरत नाही. म्हणून क्लिपा बनवणारे टॉर्कचे, म्हणजे पिळाचे, आकडे देतात. युरोपीय वळणाच्या 9 मिमी रुंद पट्टीला साधारण 3 न्यूटन-मीटर आणि 12 मिमी पट्टीला साधारण 5. अमेरिकी वळणाच्या अर्धा इंच पट्टीला 3.4 ते 4.5, तर बारीक पट्टीच्या छोट्या क्लिपांना दीडच्या आसपास. एक न्यूटन-मीटर म्हणजे किती, हे हाताला कळावे म्हणून सांगतो. आसापासून 10 सेंटिमीटरवर एक किलोचे वजन टांगले की जवळपास एवढा पीळ पडतो.

आता हाताकडे पाहू. 30 ते 35 मिमी जाडीची, पकड चांगली असलेली मूठ नुसत्या मनगटाने पिळली, तर साधारण 3 ते 5 न्यूटन-मीटर निघतात. रोज हेच काम करणाऱ्या हाताला त्याहून थोडे अधिक. क्लिपला हवा असलेला पीळ आणि मुठीतून निघणारा पीळ एकाच पट्ट्यात येतात. हातातली मूठ फिरायची थांबते, तेव्हा क्लिपही पुरेशी आवळलेली असते. याउलट पाव इंची ड्राइव्हचा छोटा रॅचेट घ्या. त्याच्या दांड्यावर 12 सेंटिमीटर अंतरावर पाच किलोचा ओढा दिला की 6 न्यूटन-मीटर झाले. पाच किलो म्हणजे भाजीची एक भरलेली पिशवी. दंडाला तो जोर जाणवतसुद्धा नाही. जिथे दीडच न्यूटन-मीटर चालतो अशा बारीक क्लिपवर हा रॅचेट चढवला, तर ती बिघडल्याचे बिघडल्यावरच कळते. रॅचेटचा पुरस्कार करणारे म्हणतील की अनुभवी माणूस हलक्या हाताने ओढतो. ते खरे आहे. अडचणीच्या जागी, जिथे सरळ दांडा उभा राहू शकत नाही, तिथे रॅचेटशिवाय गत्यंतरही नसते. पण जे हत्यार वापरताना हाताला सतत स्वतःला आवरावे लागते, ते शिकाऊ मुलाच्या किंवा घाईत असलेल्या माणसाच्या हाती पहिले हत्यार म्हणून देऊ नये, असे मला ठामपणे वाटते.

त्याहून जुना आक्षेप स्क्रू ड्रायव्हरचा आहे. क्लिपच्या डोक्यावर खाच दिलेलीच आहे, मग वेगळे हत्यार कशाला? खाच दिली आहे कारण स्क्रू ड्रायव्हर सगळ्यांकडे असतो, आणि आणीबाणीला तो पुरतो. पण चपट्या पात्याला खाचेत राहण्यासाठी मागून दाबावे लागते, पिळावे लागते आणि आसही सरळ ठेवावा लागतो. गोल नळीवर बसलेली, थोडी डुगडुगणारी क्लिप या तिन्ही गोष्टी एकत्र क्वचितच होऊ देते. पाते निसटते आणि निसटलेले पाते दोनच ठिकाणी जाते, एक तर नळीत किंवा दुसऱ्या हाताच्या तळव्यात. षटकोनी तोंड डोक्याला सहा बाजूंनी वेढते, त्यामुळे मागून दाबायची गरजच उरत नाही. सगळा जोर पिळायला मिळतो आणि क्लिप वाकडी होत नाही.

निवडीतला सर्वांत नाजूक भाग मापाचा आहे आणि तिथे थोडे रेंगाळणे भाग आहे. पाना ओळखला जातो तो नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधल्या अंतरावरून. मेट्रिक मालिकेत एम 3 च्या नटाला 5.5 मिमी, एम 4 ला 7, एम 5 ला 8 आणि एम 6 ला 10. होज क्लिपांची गोष्ट थोडी वेगळी. युरोपीय वळणाच्या क्लिपांचे डोके बहुधा 7 मिमीचे असते. अमेरिकी वळणाच्या क्लिपांचे 5/16 इंच, म्हणजे आपल्या कारागिरांच्या भाषेत अडीच सूत, आणि बारीक क्लिपांचे पुष्कळदा पाव इंच, म्हणजे दोन सूत. आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा 1956 मध्ये झाला, पण सूत कामगारांच्या तोंडी राहिले आणि इंची मापाचा मालही बाजारात येत राहिला. त्यामुळे दोन्ही वळणांच्या क्लिपा हार्डवेअरच्या दुकानात शेजारी-शेजारी विकल्या जातात आणि डोळ्यांना त्यांतला फरक कळत नाही. फरक कळतो तो व्हर्निअरला, किंवा बिघाड झाल्यावर.

हे अंतर किती महत्त्वाचे आहे ते शाळेतल्या भूमितीने दाखवता येते. षटकोनाचे समोरासमोरच्या कोपऱ्यांमधले अंतर त्याच्या सपाट बाजूंमधल्या अंतराच्या 1.155 पट असते. म्हणजे 7 मिमीच्या अगदी टोकदार षटकोनाचे कोपरे 8.08 मिमीवर येतात. त्यावर 8 मिमीचे तोंड बसवले तर प्रत्येक कोपऱ्याला धरायला 0.04 मिमी मिळतात, डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. प्रत्यक्ष नट एवढे टोकदार नसतात. एम 4 च्या नटाचे कोपरे 7.66 मिमीपर्यंत कमी असले तरी मानकाला चालतात, म्हणून त्यावर 8 चा नट ड्रायव्हर सरळ मोकळा फिरतो. तिथे माणूस तो तिरका करून कोपऱ्यावर अडकवतो आणि डोके गोल होण्याची सुरुवात होते. दुसरी चूक अधिक फसवी आहे. दोन सुती, म्हणजे 6.35 मिमीच्या डोक्यावर 7 चे तोंड. इथे कोपरे 7.33 वर आहेत, प्रत्येकाला सुमारे 0.16 मिमी पकड मिळते. तोंड आधी जवळजवळ तेरा अंश मोकळे फिरते आणि मग अडकते. अडकते म्हणून काम होते आहे असे वाटते. एकदा, दोनदा होतेही. प्रत्येक वेळी मऊ पोलादाचे सहा कोपरे थोडे थोडे झिजतात, आणि ज्या दिवशी गंजलेली क्लिप सोडवायची असते नेमक्या त्याच दिवशी तोंड घसरते. जे माप अजिबात बसत नाही ते एवढे नुकसान करत नाही, कारण ते वापरलेच जात नाही.

तिसरी जोडी मात्र दिलासा देणारी आहे. अडीच सूत म्हणजे 7.94 मिमी. एम 5 चा नट 7.78 ते 8.00 मिमी एवढ्या पट्ट्यात कुठेही असला तरी तो मानकाप्रमाणे योग्यच मानला जातो, आणि 7.94 हे त्या पट्ट्याच्या आतच आहे. म्हणून अडीच सुती क्लिपवर 8 मिमीचा नट ड्रायव्हर वापरणे ही तडजोड मानायचे कारण नाही; तोंड एक अंशही मोकळे फिरत नाही. उलट दिशेने मात्र हे चालत नाही. काटेकोर बनवलेला अडीच सुती ड्रायव्हर पुऱ्या 8 च्या डोक्यावर चढेलच असे नाही, आणि त्याला ठोकून चढवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. या हिशेबाचा व्यावहारिक अर्थ असा की मिलिमीटरमधले 5.5, 7, 8 आणि इंचांतला दोन सुती, असे चार नट ड्रायव्हर घेतले की दहाच्या खालच्या बहुतेक कामांना नेमके तोंड मिळते. मुठींच्या रंगांवर फार विसंबू नये. अमेरिकी रीतीत दोन सुतीची मूठ लाल आणि अडीच सुतीची पिवळसर असते, ती सवय उपयोगी आहे. पण मेट्रिक हत्यारांवर प्रत्येक उत्पादकाचे रंग वेगळे, आणि एकाचा लाल दुसऱ्याचा 7 असू शकतो.

दहाचे काय, असे कोणी विचारील. एम 6 चा 8.8 वर्गाचा बोल्ट पुरा आवळायला साधारण 10 न्यूटन-मीटर लागतात. मुठीतून ते निघत नाहीत. म्हणून 10 चा नट ड्रायव्हर नट पटकन चढवायला, पितळी स्टडला, किंवा बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलसारख्या मऊ धातूवर चांगला. शेवटचा आवळ टी-पान्याने किंवा रॅचेटने द्यावा. इथे माझ्या मूळ मांडणीची सीमा दिसते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. शिवाय डोक्याच्या मापावरून आट्याचे माप नेहमी कळत नाही. जपानी वळणाच्या मोटारसायकलींत एम 6 च्या पुष्कळ फ्लँज बोल्टांना डोके 8 मिमीचेच असते. तोंड 8 चे म्हणून नट ड्रायव्हर पुरेल असे समजणे तिथे चुकीचे ठरते, आणि दुचाकीचे मेकॅनिक 8 चा टी-पाना हाताशी ठेवतात ते याच कारणाने. हत्याराचे तोंड डोक्याने ठरते, मूठ मात्र आट्याने ठरते.

मापानंतर दांडा. भरीव दांड्याच्या ड्रायव्हरचे तोंड उथळ असते. नटाच्या वर स्टडचा लांब भाग आला की तो तळाला टेकतो आणि तोंड नटापर्यंत पोहोचतच नाही. यू-बोल्टवर, स्विचबोर्डाच्या स्टडवर, दोन नट एकावर एक बसवलेल्या जागी पोकळ दांड्याचाच ड्रायव्हर हवा. क्लिपसाठी पोकळपणाने काही बिघडत नाही, म्हणून एकच घ्यायचा तर पोकळ घ्यावा. तोंडाच्या कडेला आतून दिलेला उतारही पाहायला हवा. नटावर लवकर बसावे म्हणून तो दिलेला असतो, पण स्वस्त मालात तो इतका खोल असतो की क्लिपच्या पातळ डोक्याची अर्धी उंची त्यातच हरवते आणि पकड वरच्या एक-दोन मिलिमीटरवर उरते. तोंडाची भिंत पातळ आहे ना, हेही बघावे. क्लिपचे डोके पट्टीला खेटून असते आणि जाड तोंड पट्टीला घासत फिरते. या दोन गोष्टी पाकिटावर लिहिलेल्या नसतात, दुकानात हत्यार हातात घेऊनच कळतात.

लवचिक दांड्याचा ड्रायव्हर अडचणीच्या नळ्यांसाठी विकला जातो आणि तिथे तो उपयोगी पडतोही. पण लवचिक दांडा आधी स्वतः पिळला जातो, मग क्लिप फिरवतो. हाताला घट्ट लागते तेव्हा क्लिप अजून सैल असू शकते. ज्या मेळावर हा सगळा युक्तिवाद उभा आहे तो मेळच लवचिक दांडा बिघडवतो, म्हणून त्याने क्लिप जागेवर आणावी, खात्री दुसऱ्या मार्गाने करावी. चुंबकी तोंड पत्र्याच्या स्क्रूंना छान, स्टेनलेसच्या नटांना बहुतेक निरुपयोगी. वीजप्रवाहाजवळ काम असेल तर 1000 व्होल्टसाठी चाचणी केलेला, दांड्यावर सलग आवरण असलेला ड्रायव्हरच घ्यावा. घरी गुंडाळलेली चिकटपट्टी त्याची जागा घेत नाही.

आजचा सर्वांत जोरदार आक्षेप बॅटरीवर चालणाऱ्या ड्रायव्हरचा आहे. षटकोनी बिट लावले की हात दुखत नाही, वेळ वाचतो. छपरावर रंगीत पत्रे ठोकणाऱ्या माणसाला हे पूर्णपणे लागू आहे. त्याचे स्वतः भोक पाडणारे स्क्रू 8 मिमीच्या डोक्याचे असतात, दिवसाला शेकडो बसवायचे असतात, आणि स्क्रूचे वॉशर किती दबले हे डोळ्यांना दिसते. होज क्लिपमध्ये तसे दिसत नाही. खाली रबर आहे, ते दबत राहते, आणि मोटारीच्या क्लचला रबर दबते आहे की पट्टी ताणली जाते आहे हा फरक कळत नाही. सैल क्लिपचे पहिले फेरे मोटारीने घ्यायला हरकत नाही. शेवटचा एक फेरा हाताचाच असावा.

मग टॉर्क रेंचच का नको, हा प्रश्न अधिक प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर काही ठिकाणी ‘हवाच’ असे आहे. बिडाच्या सांडपाण्याच्या पाइपांना रबरी बाही आणि स्टेनलेस पट्ट्यांनी जोडण्याची अमेरिकी पद्धत आहे. तिथे अडीच सुती तोंडाचा, 60 इंच-पाउंडाला, म्हणजे 6.8 न्यूटन-मीटरला आपोआप सुटणारा टी-मुठीचा रेंच वापरला जातो. इमारतभर शेकडो जोड एकसारखे व्हायचे असतील तर हातावर भिस्त ठेवता येत नाही. पण ऊसाच्या मळ्यातल्या पंपाच्या सक्शन नळीवर किंवा रत्नागिरीच्या मच्छीमार बोटीच्या इंजिनात हा रेंच रोज बरोबर नसतो. तिथे योग्य मुठीचा नट ड्रायव्हर त्याच्या सर्वांत जवळ जातो. बोटीत आणखी एक गोष्ट बघावी लागते. पुष्कळ क्लिपांची पट्टी स्टेनलेस असते, पण स्क्रूवर नुसते जस्ताचे पाणी दिलेले असते. खाऱ्या हवेत तो स्क्रू आधी गंजतो आणि गंजलेले डोके नेमक्या मापाच्या तोंडालाच साथ देते.

शेवटचा आक्षेप असा की नव्या मोटारींत स्क्रूची क्लिप कमी झाली आहे. हे खरे आहे. कारखान्यातून येणाऱ्या अनेक नळ्यांवर स्प्रिंगची क्लिप असते, कारण रबर गरम-थंड होऊन आकसले तरी ती आपोआप दाब राखते. तिला पक्कड लागते, नट ड्रायव्हर नाही. पण ती बदलायची वेळ आली की दुकानात बहुधा स्क्रूचीच क्लिप मिळते, आणि तीच पुढची अनेक वर्षे राहते. रबराचा हाच आकसण्याचा स्वभाव स्क्रूच्या क्लिपला सैल करतो. म्हणून नवी नळी बसवल्यावर इंजिन एकदा गरम करून, पूर्ण थंड झाल्यावर, क्लिपवर पुन्हा ड्रायव्हर ठेवून पाहावा. तो बहुतेक वेळा पाव ते अर्धा फेरा फिरतो. पहिल्यांदाच जास्त आवळून हा फेरा वाचवता येत नाही. त्याने पट्टीखालचे रबर कापले जाते आणि गळती जवळ येते.

विकत घेताना मोठ्या संचाचा मोह होतो, आणि एका ड्रायव्हरच्या किमतीत पुष्कळदा सहा येतात. त्या सहांपैकी दोन-तीनच वापरले जातात आणि त्यांचीच तोंडे वर्षभरात उघडी पडतात. चांगल्या पोलादाचे चार सुटे घेणे महाग वाटले तरी खर्च कामाच्या मापांवरच होतो. दुकानात जाताना खिशात एम 3, एम 4 आणि एम 5 चा एकेक नवा नट न्यावा, आणि आपल्या पंपावरची किंवा नळीवरची एक जुनी क्लिपही. नट तोंडात घालून मूठ दोन्ही दिशांनी हलवून पाहावी. नट खडखडत असेल तर दुसरा ड्रायव्हर मागावा. क्लिप अर्धवट आवळून, तिला हातात धरून, डोके तोंडात पुरे बसते का आणि फिरताना कड पट्टीला लागते का हेही पाहावे. चांगला दुकानदार यासाठी थांबतो.